दुसऱ्याच्या खिशातलं

लाँड्रीत येणारी माणसं त्यांना तोंडावर काकू म्हणत आणि पाठीमागे खिसेकाकू. काकूंना हे ठाऊक होतं. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, नाव अगदी नेमकं पडलं होतं. काउंटरवर कपडा आला की पावती फाडायच्या आधी त्यांचा हात खिशात जायचा. आधी बाहेरचे खिसे, मग आतले, मग पँटचा तो पुढचा इवलासा खिसा, जो कशासाठी शिवतात हे शिवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. किल्ल्या निघत, तिकिटं निघत, गोळीचा चिकट कागद निघे. हल्ली मात्र खिशांत जास्त करून यंत्रंच सापडत. पेनड्राइव्ह, चार्जरची टोकं, नखाएवढी मेमरी कार्डं आणि कानात घालायची ती पांढरी बोंडं.

बोंडांवर काकूंचा विशेष राग. "जोडीनं म्हणून सापडत नाहीत मेली," त्या म्हणायच्या. "एक खिशात, दुसरं देव जाणे कुठं. वायर होती तेव्हा निदान दोन्ही एकमेकांना बांधलेली तरी असायची."

"अहो काकू, वायर गेली म्हणून तर माणूस मोकळा झाला," आतून इस्त्रीवाला ओरडायचा.

त्याच्या स्वतःच्या कानात मात्र वायरवालेच असत. बिनवायरचे त्यानं मोठ्या हौसेनं घेतले होते, ते इस्त्रीच्या वाफेनं बसले. काकू त्याला हेडफोन म्हणत. हाक मारली तर ऐकायचा नाही, आणि जे ऐकू नये ते बरोब्बर ऐकायचा.

दुकानाचा नियम साधा होता. खिशात जे सापडेल ते न बघता पाकिटात टाकायचं, पाकीट चिकटवायचं आणि टाचणीनं त्याच कपड्याला लावून ठेवायचं. मालकांनी हा नियम केला तो भांडणं टाळायला. काकूंनी तो पाळला तो वेगळ्याच कारणानं. माणूस अंगावरचा कपडा काढून दुसऱ्याच्या हातात देतो तेव्हा तो जरासा उघडा पडलेला असतो, अशा वेळी आपण नजर खाली ठेवावी, एवढंच त्यांना कळत होतं. चिठ्ठी असली तर घडी उलगडायची नाही. फोटो असला तर पालथा करून पाकिटात. इतकी वर्षं कपडे हाताळून त्यांनी गिऱ्हाइकांच्या घरातलं एक गुपित म्हणून जाणून घेतलं नव्हतं, आणि याबद्दल देवापुढे हात जोडताना त्यांना मनातल्या मनात थोडं बरं वाटायचं.

हेडफोनचं तत्त्वज्ञान उलटं. तो पेनड्राइव्ह भरभरून सिनेमे आणायचा आणि ओळखीपाळखीत वाटायचा. काकूंना म्हणायचा, "बघा, नवा आहे, अजून थेटरात चाललाय."

"मग थेटरात जाऊन बघ की. ही चोरी नाही का?"

"चोरी कशी? मी तुमची छत्री नेली तर तुमच्याकडे छत्री राहत नाही, ती चोरी. सिनेमाची कॉपी केली तर मूळ सिनेमा जागच्या जागी. कुणाचं काय कमी झालं?"

"मला नाही पटत."

"पटू नका. पण सांगा, कमी काय झालं?"

काकू पुन्हा खिसे तपासायला लागायच्या. पुढे पुढे तर त्यांना हे वाक्य सोयीचं वाटायला लागलं, आणि त्याचं कारण घरी टेबलावर उभं होतं.

काकू एकट्या राहत. यजमान जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा लग्नानंतर दूरच्या शहरात नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. मागच्या खेपेला आला तेव्हा त्यानं स्वतःसाठी नवा टॅब घेतला होता, जुना आईला दिला. "जुना आहे पण ठणठणीत आहे. यात सिम टाकलंय. रविवारी यावर मला बघून बोलायचं. छोटी दिसेल तुला." निघायची घाई होती. त्यानं सगळं बसवून दिलं, पण आपलं खातं त्यातून काढायचं तो विसरला.

विसरला म्हणजे काय झालं, हे काकूंना आधी कळलंच नाही. टॅबमध्ये रोज नवे फोटो दिसायला लागले. नातीचं चित्र, नातीचा पडलेला दात तळहातावर, सुनेनं खिडकीत ठेवलेलं रोपटं, ऑफिसात गाडी उभी केली त्या खांबाचा नंबर, सूपच्या दोन वाट्या. काकूंना वाटलं, मुलगा पाठवतोय. केवढं लक्ष ठेवून आहे माझ्यावर! एक दिवस टॅब फार सावकाश चालायला लागला म्हणून त्यांनी तो हेडफोनला दाखवला. त्यानं चार ठिकाणी बोटं मारली आणि हसला.

"काकू, हे तुम्हाला कुणी पाठवत नाहीये. तुमच्या मुलाचं खातं यात तसंच राहिलंय. तो त्याच्या फोनवर जो फोटो काढेल तो आपोआप यात पडतो. त्याला पत्ताही नसेल. काढून टाकू खातं?"

नातीचा दात अजून पडद्यावर होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याला विचारून काढू."

त्यांनी त्याला विचारलं नाही. रविवारी विचारीन म्हणाल्या, रविवार आला नि गेला. कुणाचं काय कमी झालं? आपला मुलगा, आपली नात. बघितलं म्हणून झिजत थोडंच आहे? संध्याकाळी घरी येऊन चहा घ्यायचा आणि खुर्ची ओढून टॅबपुढे बसायचं, हा त्यांचा नेम झाला, आणि दुसऱ्या दिवशी नातीची नवी गंमत हेडफोनच्या कानावर घालायची. टीव्ही त्यांनी बंदच करून टाकला. टीव्हीवरच्या माणसांना आपण ओळखत नाही, त्यांच्यासाठी जीव कशाला टाकायचा?

फोटो काढायला मात्र त्यांना हेडफोननंच शिकवलं होतं, आणि तेही एका वेगळ्याच कामासाठी. काकूंना सवय होती, निम्म्या रस्त्यात आलं की छातीत धस्स व्हायचं. गॅस बंद केला का? मग परत फिरायचं, जिना चढायचा, गॅस बंदच असायचा. दुकानात उशीर, मालकांचं तोंड वाकडं. हेडफोन म्हणाला, "निघताना गॅसच्या बटणाचा फोटो काढत जा. शंका आली की पिशवीतून टॅब काढायचा आणि बघायचं." काकूंनी गॅजेट नावाच्या गोष्टीला आयुष्यात एकदाच मनापासून आशीर्वाद दिला असेल, तो त्या दिवशी. रोज सकाळी गॅसच्या बटणाचा फोटो, दाराच्या कुलपाचा फोटो, आणि टॅब पिशवीत. संध्याकाळी बघायला बसल्या की त्यांचं गॅसचं बटण आणि मुलाचा कॉफीचा कप शेजारी शेजारी दिसत. काकूंना हे आवडायचं. एका कट्ट्यावर असल्यासारखं वाटायचं.

मग फोटोंमधून एकेक गोष्ट कमी व्हायला लागली.

आधी खिडकीतलं रोपटं गेलं. मग सूपच्या दोन वाट्यांच्या जागी एक दिसायला लागली. नातीचे फोटो रोज यायचे ते आता फक्त सुट्टीच्या दिवशी, तेही बागेत, अंगात कोट घातलेले, निघायच्या तयारीत असल्यासारखे. मग एका रिकाम्या खोलीचे फोटो आले. भिंती, नळ, कपाटाचं आतलं, छताचा ओला डाग. भाड्याची खोली बघताना माणूस काढतो तसे. त्यानंतर त्याच खोलीत एक अरुंद पलंग आणि जमिनीवर ठेवलेली पाणी तापवायची किटली.

रविवारचं व्हिडिओचं बोलणंही बंद झालं. "इथलं नेट धड नाही गं आई," म्हणून तो काकूंच्या साध्या बटणांच्या फोनवर बोलायचा.

"छोटी काय करतेय?"

"झोपलीय."

"आणि सूनबाई?"

"ती बाहेर गेलीय. भाजी आणायला."

"बरं. झोपू दे तिला. तू जेवलास?"

"हो, जेवलो की. तू?"

"जेवले."

फोन ठेवला की काकू बराच वेळ हातातच धरून बसत. आपण खोटं बोललो का? बोललो तर नाही. पण तोही खोटं बोलला आणि ते खोटं आपल्याला माहीत आहे हे आपण लपवलं, म्हणजे झालं काय? देवालाही सगळं दिसतं आणि तोही गप्पच असतो, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण देवाला कुणी आई म्हणून खुशाली सांगायला फोन करत नाही. त्याचं गप्प राहणं वेगळं.

बोलावं तर सांगावं लागणार, मला कसं कळलं. सांगितलं की तो शरमेनं मेल्याहून मेला होणार आणि खातं काढून टाकणार. मग संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचं कशापुढे? न बोलावं तर मुलगा तिकडे एका वाटीत जेवतोय. काकूंनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दर वेळी शेवटी टॅब उघडला.

एका संध्याकाळी त्यात त्याचे स्वतःचेच फोटो आले. कसल्याशा ओळखपत्रासाठी असावेत. मागे पांढरी भिंत, हात लांब करून स्वतःच काढलेले. एकात मान तिरकी, एकात डोळे मिटलेले, एकात खांदा कापलेला. काढून काढून त्यानं पुष्कळ काढले होते. शर्टाची कॉलर एका बाजूला मुडपलेली होती आणि सगळ्या फोटोंत ती तशीच होती, कारण "कॉलर नीट कर" म्हणायला समोर कुणी नव्हतं. शेवटच्या एकात त्यानं हसायचा प्रयत्न केला होता.

काकूंनी टॅब पालथा ठेवला. इतकी वर्षं फोटो सापडला की त्या असाच पालथा करत आल्या होत्या, हात आपोआप तसा गेला.

दुसऱ्या दिवशी एका बाईंच्या कोटाच्या खिशात घडी घातलेला कागद निघाला. काकू पाकीट शोधायला वळल्या तेवढ्यात हेडफोननं तो उचलून डोळ्यांपुढे धरला.

"ठेव खाली!" काकू एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक दचकलं. "लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या खिशातलं बघतोस?"

"अहो, नुसतं बघतोय. घेतोय का काही?"

"नुसतं बघायचंसुद्धा नाही."

हेडफोनला गिऱ्हाइकासमोर बोलणी खाल्ल्याचं लागलं. कानातली वायर काढून तो म्हणाला, "मग काकू, तुम्ही रोज संध्याकाळी मुलाच्या खात्यात बसून काय करता? तो काय तुमचा खिसा आहे?"

काकूंनी पाकीट घेतलं. कागद पाकिटात घातला, कडेला जीभ फिरवली, चिकटवलं, टाचणी लावली. टाचणी बोटाला टोचली तरी हूं की चूं केलं नाही. हेडफोनही वरमला. दुपारी त्यानं चहा आणून पुढ्यात ठेवला. "मी आपलं सहज बोललो. मनावर घेऊ नका."

"मनावर घ्यायलाच पाहिजे," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून टॅब काढून त्याच्यापुढे सरकवला. "ते खातं काढून टाक."

"नक्की? परत लावायला पासवर्ड लागेल, तो तुमच्या मुलाकडेच."

"काढ म्हटलं ना."

त्यानं बोटं फिरवली. पडद्यावर एक गोल चक्र फिरलं आणि नातीचा दात, सूपची वाटी, अरुंद पलंग, मुडपलेली कॉलर, सगळं गेलं. उरले ते काकूंचे स्वतःचे फोटो. गॅसचं बटण, कुलूप, गॅसचं बटण, कुलूप. बोट सरकवावं तेवढं तेच.

"अरेच्चा," हेडफोन म्हणाला. "तुम्ही तर गॅस एजन्सी उघडलीत की."

काकू हसल्या. त्याला बरं वाटावं म्हणून.

काकूंनी ठरवलं होतं, येत्या रविवारी सरळ विचारायचं. कसं कळलं म्हणाला तर जे आहे ते सांगायचं आणि माफी मागायची. पण रविवारला अजून अवकाश होता आणि संध्याकाळी त्यांना काय करावं ते सुचेना. चहा झाला. खुर्ची ओढली गेली, सवयीनं. टॅब उघडून त्यांनी बटणांच्या रांगेकडे पाहिलं आणि बंद केला. टीव्ही लावला, त्यात कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं, तो बंद केला. शेजारच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता. आज त्यानं काय खाल्लं असेल, हे आपल्याला माहीत नाही, असं त्यांच्या मनात आलं. पूर्वीही माहीत नसायचं, वर्षानुवर्षं. तेव्हा ते इतकं जाणवत नव्हतं. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळही तशीच गेली. काकू लवकर अंथरुणावर पडल्या, झोप कुठली यायला.

त्याच्या पुढच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, काउंटरखाली त्यांचा बटणांचा फोन वाजला. मुलाचा फोन. रविवार नसताना. काकूंनी पावती अर्धवट सोडून फोन उचलला.

"काय रे? काय झालं?"

"आई, कुठं आहेस तू?" त्याचा आवाज धापा टाकल्यासारखा होता.

"कुठं असणार? दुकानात."

"बरी आहेस ना? गॅस बंद केलास ना?"

"केला की. तुला काय करायचंय माझ्या गॅसचं?"

"अगं, फोटोच येईना तुझा. काल नाही, आज नाही. मला काय काय वाटलं."

काकू खालचं स्टूल ओढून बसल्या. समोरचं गिऱ्हाईक कोट हातात धरून उभं होतं. हेडफोननं इस्त्री उभी केली, बाहेर येऊन तो कोट घेतला आणि कधी नव्हे ते स्वतः खिसे तपासायला लागला.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "माझे फोटो तुझ्याकडे येत होते?"

"एकच खातं आहे ना आई. इकडचे तिकडे पडतात तसे तिकडचे इकडे."

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्या गॅसपासून."

काकूंना हा विचार शिवलाही नव्हता. पाणी वरून खाली वाहतं तसे फोटो त्याच्याकडून आपल्याकडे येतात, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"मग काढून का नाही टाकलंस खातं?"

"सकाळी तुझा फोटो आला की कळायचं, आई उठली, चहा झाला, निघाली. मग मी माझ्या कामाला लागायचो." तो थांबला. "सवय झाली होती."

"आणि तुझे मला दिसतात, हे?"

बाहेर रस्त्यावर एक गाडी मागे घेताना पीं पीं वाजत होती, ती जाईपर्यंत दोघंही थांबली.

"तोंडानं सांगता येत नव्हतं गं," तो म्हणाला. "दर रविवारी ठरवायचो. फोन लागला की, ती बाहेर गेलीय, छोटी झोपलीय. म्हटलं, आईला दिसतंय. आज ना उद्या ती विचारेल."

"आणि मी म्हटलं, आज ना उद्या तू सांगशील."

यावर तो हसला की काय झालं, काकूंना नीटसं कळलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि काउंटरवर रडायचं नाही हाही दुकानाचाच एक नियम होता. त्या एवढंच म्हणाल्या, "फोटोला शर्ट घालताना कॉलर बघत जा. इस्त्रीच्या दुकानातल्या बाईचा मुलगा तू."

"हो."

"ती भेटू देते ना छोटीला?"

"देते. सुट्टीच्या दिवशी. वाईट नाहीये ती, आई. आमचं जमलं नाही एवढंच."

"मी कुठं वाईट म्हटलं?"

"पासवर्ड सांगतो," तो घाईनं म्हणाला. "शेजारी कुणी असेल तर लिहून घ्यायला सांग. परत लाव. होतं तसं राहू दे."

काकूंना एकदम हायसं वाटलं. संध्याकाळ, खुर्ची, कप, सूप, सगळं परत. समोर टाचण्यांची डबी आणि पाकिटांची चवड होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "होतं तसं नको. त्यात मी तुला बघत होते, तू मला बघत होतास, आणि दोघंही गप्प. आता जे द्यायचं ते हातानं द्यायचं. तुला पाठवावंसं वाटेल तो पाठव, मी माझा पाठवीन."

"तुला येतं पाठवायला?"

"शिकेन."

बोलायला मग दोघांनाही काही सुचेना. इतके दिवस सगळं दिसत होतं, त्यामुळे विचारायची सवयच मोडली होती. "काय जेवलास?" काकूंनी विचारलं. "अजून नाही," तो म्हणाला. एवढं एक खरं उत्तर मिळालं, आणि फोन ठेवला गेला.

त्या दिवशी दुकान बंद करताना हेडफोननं त्यांना पाठवायचं शिकवलं. हा बाण, हे नाव, हे बटण. दोनदा चुकलं आणि गॅसचं बटण हेडफोनच्याच फोनवर गेलं. "जपून ठेवतो," तो म्हणाला, "कॉपी आहे, मूळ तुमच्याकडेच."

"गप रे."

सकाळी काकूंनी आवरलं, देवापुढे हात जोडले, गॅस बंद केला आणि त्याचा फोटो काढला. बाण दाबला, नाव निवडलं. खाली काहीतरी लिहायची रिकामी चौकट आली. आजवर फोटो आपले आपणच जात होते, सोबत काही लिहायचा प्रश्नच नव्हता. काय लिहावं? बरी आहे म्हणावं तर त्यानं विचारलं नव्हतं. आठवण येते म्हणावं तर सकाळी सकाळी पोरानं कामाला जायचं. शेवटी त्यांनी एका बोटानं अक्षरं शोधून शोधून लिहिलं, "बंद केलाय. निघते. तू जेवत जा," आणि बटण दाबलं.

फोटो गेला. काकू दारात चप्पल घालून, टॅब हातात धरून उभ्या राहिल्या. घरात फ्रिजची घरघर तेवढी चालू होती. उत्तर आलं नाही. तिकडे तो झोपला असेल, किंवा अंघोळीला गेला असेल, किंवा वाचून काय लिहावं म्हणून आपल्यासारखाच बसला असेल. थांबावं का निघावं, काकूंना ठरवता येईना. उशीर तर होत होता. त्यांनी टॅब पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड उघडंच ठेवलं, म्हणजे वाजला तर रस्त्यात ऐकू येईल, आणि कुलूप लावलं. कुलपाचा फोटो काढायचा राहिला, ते खाली उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या परत चढल्या नाहीत.